घर पक्कं, पण राहायचं कसं? जागा, माती आणि उन्हाचा हिशोब



जमिनीच्या लढ्यात आपण नेहमी शेताबद्दल बोलतो. सातबारा, वनहक्काचा दावा, गायरानावरचा कब्जा, मोजणी, नोटिसा. घराबद्दल फारसं बोलत नाही. घर म्हणजे योजनेचा विषय, ग्रामसेवकाचा विषय, असं आपण धरून चालतो. या अंकात आम्ही मुद्दाम घराबद्दल लिहितो आहोत, कारण जमीन आणि घर हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगत: काळी आणि पांढरी. काळीत कसायचं, पांढरीत राहायचं. आपल्याला काळीतून हुसकतात आणि पांढरीत जागा देत नाहीत. आणि कधी कागद हललाच, घरकुल मंजूर झालंच, तर असलं घर पदरात पडतं की मार्च ते जून त्यात माणसाला दुपारी बसवत नाही.

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. उन्हाच्या मुलखात थंड राहणारं घर ही श्रीमंताची चैन नाही. ते कमी पैशात होतं, आपल्या हातच्या सामानातून होतं, आणि ते मागणं हा आपल्या जमिनीच्या मागणीचाच भाग आहे.

दुपारी घरात कोण असतं?

जानेफळच्या आसपास कोणत्याही वस्तीवर मे महिन्यात दुपारी दोन वाजता जाऊन बघा. माणसं लिंबाखाली, नाहीतर कुणाच्या तरी गोठ्याच्या सावलीला. गोठा थंड आणि घर गरम, हा कुठला न्याय? घरात कोण असतं? बाळंतीण असते, तान्हं मूल असतं, अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असतं, आणि चुलीपुढे बसलेली बाई असते. ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांनाच टिनाखाली भाजून निघावं लागतं. रात्री बाप्ये अंगणात बाज टाकून झोपतात. तरण्या पोरीला आणि सुनेला अंगणात झोपता येतंच असं नाही. म्हणून घर किती तापतं हा प्रश्न बाईमाणसाचा आधी आहे, मग बाकीच्यांचा.

कुणी म्हणेल, पंखा लावा, कूलर घ्या. पंखा तापलेल्या घरातली तापलेली हवाच फिरवतो. कूलरला वीज पाहिजे आणि पाणी पाहिजे. ज्या वस्तीवर प्यायचं पाणी डोक्यावरून आणतात तिथे कूलरला पाणी कुठून आणायचं? बिल थकलं की मीटर कापून नेतात ते वेगळंच. वीज न जाळता थंड राहील तेच घर गरिबाचं घर.

ऊन येतं कुठून, ते आधी समजून घेऊ

आपला भाग विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २० अंशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या बल्लीची सावली तिच्या बुडाशीच जाते. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दक्षिणेला कलतो आणि भर दुपारी माणसाची सावली जवळजवळ माणसाएवढी पडते, उत्तरेकडे.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन छप्पर खातं. दुसरी, सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत भाजते, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि ऊन सरळ भिंतीवर येतं. पश्चिमेची भिंत सगळ्यात वाईट, कारण तोवर हवाही तापलेली असते. तिसरी, दक्षिणेच्या भिंतीवर उन्हाळ्यात भर दुपारी फारसं ऊन नसतंच. दोन फुटाचा छज्जा काढला तर जे येतं तेही अडतं, आणि हिवाळ्यात कललेलं कोवळं ऊन त्याच छज्ज्याखालून आत येतं.

म्हणजे घर पूर्व-पश्चिम लांब ठेवायचं. लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला. दारं-खिडक्या त्याच भिंतींत, समोरासमोर, म्हणजे वारा आरपार जातो. पश्चिमेला खिडकी नको. तिकडे न्हाणी, जळतण ठेवायची जागा किंवा शेळ्यांची सपरी काढायची, म्हणजे भिंतीवर ऊन पडण्याआधी ते त्या सपरीवर पडतं. पश्चिमेला लिंबाचं झाड लावायचं. ते मोठं होईपर्यंत काठ्या रोवून मांडव घालायचा आणि त्यावर दोडका, कारलं, वाल चढवायचा. सावली मिळते आणि भाजीही.

या सगळ्याला खर्च किती? घराचं तोंड फिरवायला एक पैसा लागत नाही. पण होतं काय, लेआउट पाडणारा माणूस रस्त्याकडे बघून चुना टाकतो. वीस घरं एका रांगेत, सगळ्यांची तोंडं रस्त्याला. रस्ता उत्तर-दक्षिण असला की वीसच्या वीस घरांच्या लांब भिंती पश्चिमेला भाजत बसतात. चुना टाकायच्या दिवशी आपला माणूस तिथे उभा पाहिजे, तो यासाठी.

टिन, स्लॅब आणि माती

टिन पातळ असतं. ऊन पडलं की लगेच तापतं आणि ती धग सरळ खाली सोडतं. दुपारी त्याला हात लावता येत नाही. एक गुण मात्र आहे, सूर्य गेला की ते लवकर निवतं.

स्लॅबचं उलटं आहे. चार इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो. धग आत पोचायला तीन-चार तास लागतात, म्हणून संध्याकाळी, बाहेर वारा सुटला तरी, स्लॅब आतल्या माणसांवर आग ओकतच राहतो. बाहेर निवतं आणि आत उकडतं, ते यामुळे.

मातीची दीड फूट जाड भिंत धग आत पोचवायला दहा-बारा तास घेते. दुपारचं ऊन आत येईपर्यंत रात्र झालेली असते, आणि रात्री दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या की ते निघून जातं. आपल्या वऱ्हाडातली धाब्याची घरं याच हिशोबाने बांधलेली होती. लाकडाच्या कड्या, त्यावर काटक्या आणि पाला, त्यावर पांढरीच्या मातीचा जाड थर. गावातल्या मोठ्या वाड्यांनाही हेच धाबं असायचं. आपल्या कुडाच्या घरांना पऱ्हाटीच्या नाहीतर तुराटीच्या कुडावर शेणमातीचा लेप आणि वर गवत किंवा कवेलू. त्यातलं विज्ञान कुणी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण पिढ्यान्‌पिढ्या अंगाने तपासलेलं होतं.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापू कुटी आहे. १९३६ नंतरच्या काळातली. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची. वर्ध्याचा उन्हाळा आपल्यापेक्षा सौम्य नाही. देशविदेशातली माणसं ती बघायला येतात, आत बसून म्हणतात किती थंड, किती सुंदर. तसलंच सामान वापरून आपण बांधलं की सर्व्हेच्या कागदावर त्याला कच्चं घर म्हणतात.

पक्कं कोण ठरवतं?

इथेच खरी मेख आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली आली. सपाट भागासाठी १,२०,००० रुपये, किमान २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट घर, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, आणि संडासाचे १२,००० रुपये वेगळे. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे, तिचंही क्षेत्र तेवढंच. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पक्क्या घराची व्याख्या दिली आहे. नेहमीच्या वापराला आणि ऊन-पावसाला तोंड देऊन, साधी देखभाल केली तर किमान ३० वर्षं टिकेल ते पक्कं घर. छप्पर टिकाऊ सामानाचं पाहिजे आणि भिंती स्थानिक हवामानाला तोंड देणाऱ्या पाहिजेत.

यात सिमेंटच्या डब्याची सक्ती कुठे आहे? नाही. ठेकेदार लावायचा नाही, घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, हेही नियमातच आहे. त्या त्या भागाच्या हवापाण्याला आणि सामानाला धरून घरांचे नमुने केंद्र सरकारच्या ग्रामीण विकास मंत्रालयाने दिल्लीच्या आयआयटीकडून तयार करून घेतले आहेत, 'पहल' नावाने ते छापलेले आहेत. मग वस्तीवर हे नमुने का पोचत नाहीत? वस्तीवर पोचतो तो एकच नकाशा आणि एकच माणूस, जो म्हणतो, "तुम्ही फक्त अंगठा द्या, बाकी आम्ही बघतो."

तो का बघतो ते सांगायला नको. सिमेंट, सळई, गिट्टी, रेती यांत कमिशन असतं. मातीत कमिशन नसतं.

१,२०,००० चा हिशोब

आम्ही बोटावर मोजून बघितलं. २५ चौरस मीटरच्या चार इंची स्लॅबला अडीच घनमीटर काँक्रीट लागतं. म्हणजे वीसेक गोण्या सिमेंट आणि दोन क्विंटलच्या आसपास सळई, त्यावर सेंट्रिंगचं भाडं आणि मिस्त्री. बाहेरच्या नऊ इंची भिंतींना सहा हजारांच्या घरात विटा. वीटभट्टीवर त्या विटा पाडायला आपलीच माणसं लेकराबाळांसकट जातात आणि त्याच विटा आपल्याच घराला विकत घेताना आपला हप्ता संपतो. प्लास्टर, दार, फरशी राहूनच जातात. कितीतरी घरकुलं स्लॅबच्या पातळीला येऊन अडकतात, त्याचं कारण आळस नाही, हा हिशोब आहे.

मग काय करता येईल? प्रत्येकाने आपल्या जागेचा आणि ऐपतीचा विचार करून ठरवावं. आम्ही खात्रीचं तेवढंच सांगतो.

पाया: आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. काळीवर उथळ पाया घातला तर कितीही सिमेंट ओता, भिंत तडकणार. मुरूम लागेपर्यंत खोदा. तळाशी मुरूम धुम्मस करून भरा, वर काळ्या दगडाचा पाया. जोतं दोन फूट उंच आणि घराभोवती उताराची फरशी, म्हणजे पाणी पायात मुरत नाही.

भिंत: एकट्या काळ्या मातीचे ठोकळे तडकतात. मुरमाड, वाळूसर माती घेऊन तीत थोडं सिमेंट, साधारण वीस भागांना एक ते दीड भाग, मिसळून यंत्रावर दाबलेले ठोकळे करता येतात. त्याला भट्टी लागत नाही, जळण लागत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली खेड्यांसाठी काम करणारं 'अस्त्र' हे केंद्र निघालं, त्यांनी हाताने चालणारं असं यंत्र वापरात आणलं. एक यंत्र पाच वस्त्यांना पुरतं. विटाच वापरायच्या असतील तर त्या आडव्या न ठेवता उभ्या धारेवर रचून मध्ये पोकळी ठेवायची. लॉरी बेकर या वास्तुकाराने केरळात ही रॅट ट्रॅप बांधणी खूप वापरली. पाव हिस्सा विटा वाचतात, म्हणजे आपल्या घरात हजार-दीड हजार, आणि पोकळीतली हवा धग अडवते. मात्र वीट एकसारखी पाहिजे. वेड्यावाकड्या विटांची ही बांधणी जमत नाही.

छप्पर: टिन असेल तर त्याखाली पाच-सहा इंच जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बांधा, तट्ट्याला वरून शेणमातीचा लेप द्या, आणि दोन्ही टोकांना वारा जायला वाट ठेवा. उन्हाची धग त्या पोकळीतच अडकते आणि बाहेर जाते. स्लॅब असेल तर त्यावर चुन्याचा पांढरा हात द्या. कळीचा चुना रात्रभर भिजवा, गाळा, त्यात थोडा डिंक घाला आणि मार्चमध्ये दोन हात मारा. काही शे रुपयांचं काम आहे. पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्यात फार माणसं दगावली, त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ पासून उन्हाळ्याचा आराखडा केला आणि पुढे झोपडपट्ट्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचं काम त्यात घेतलं. जे शहराला जमतं ते ग्रामपंचायतीलाही जमेल. नवा स्लॅब टाकायचा असेल तर त्याच्या खालच्या भागात जुनी कवेलू बसवून काँक्रीट वाचवता येतं. ते काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावं.

चूल: धूर वर जातो. म्हणून चुलीच्या वर, आढ्याजवळ, जाळी पाहिजे. खिडकीपेक्षा ही जाळी महत्त्वाची. धुराबरोबर घरातली गरम हवाही तिथूनच निघते.

ओसरी: २६९ फुटांच्या नकाशात ओसरी बसत नाही असं सांगतात. आमचं म्हणणं, आतली एक भिंत कमी करा पण उत्तरेला ओसरी काढा. आपलं निम्मं आयुष्य ओसरीत जातं.

"म्हणजे आदिवासीने मातीतच राहायचं का?"

हा प्रश्न आपलीच शिकलेली पोरं विचारतात आणि तो रास्त आहे. पाटलाला स्लॅब आणि आम्हाला माती, असं सांगणाऱ्यांना आपण ओळखून आहोत. आमचं उत्तर असं. आम्ही कुणाला माती घ्या म्हणत नाही. ज्याला स्लॅब पाहिजे त्याने स्लॅब घ्यावा, पण थंड स्लॅब कसा करायचा ते कळून घ्यावा. आम्हाला हक्क पाहिजे तो निवडीचा.

आणि मातीचे दोषही लपवायचे नाहीत. वाळवी लागते. पावसाच्या झडीने भिंत ढासळते. दरवर्षी लिंपायचं, पोतारायचं काम बाईच्याच कमरेवर पडतं, त्याची मजुरी कुणी धरत नाही. म्हणून दगडी जोतं, लांब वळचण आणि प्लास्टर न लागणारे ठोकळे, ही सुधारणा करूनच माती वापरायची. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी आठवा. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं आपल्याच घराखाली गेली. ती घरं मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंतींची आणि वर जड मातीच्या माळवदाची होती. भिंतीच्या दोन पाखांना बांधणारे आरपार दगड नव्हते, वर पट्टा नव्हता. त्यातून शिकायचं ते एवढंच की वर ओझं टाकू नका, भिंतीत बंधाचे दगड घाला आणि दाराच्या चौकटीवर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवा. थंडाव्यासाठी जीव धोक्यात घालायचा नाही.

जुनं घर पाडू नका!

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हा भाग वस्तीवर दोनदा वाचून दाखवा.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याने वनजमिनीवर कसण्यासाठी आणि राहण्यासाठी, दोन्हीसाठी हक्क दिला आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवावा लागतो. २००८ च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे आणि त्यात घर, झोपडी, बांध, बंधारा यांसारख्या जागेवरच्या खुणाही पुरावा म्हणून धरल्या आहेत. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. म्हणजे आपलं जुनं, वाकलेलं, कुडाचं घर हा कागद आहे. मातीने लिहिलेला कागद.

दावा प्रलंबित असताना घरकुल मंजूर होतं. हप्ता यावा म्हणून जुनं घर घाईघाईने पाडलं जातं. उद्या पडताळणीला माणूस आला की तो म्हणतो, "हे तर नवं बांधकाम आहे, अतिक्रमण आहे." कब्जा पन्नास वर्षांचा आणि पुरावा आपल्याच कुदळीने गेलेला!

म्हणून पाडण्याआधी तीन कामं करा. एक, वनहक्क समितीला लेखी कळवून जागेची पाहणी करून घ्या आणि अहवालाची प्रत हातात ठेवा. दोन, जुन्या घराचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आवास योजनेतही जुन्या घराचा आणि जागेचा फोटो घेतातच, त्याची प्रत मागून घ्या. तीन, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब घ्या, तोही नियमांत पुरावा आहे. घरपट्टीची जुनी पावती सापडली तर ती सोन्यासारखी जपा. आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला हुसकता येत नाही, हे कायद्याच्या कलम ४(५) मध्ये आहे, हे पाठ करून ठेवा.

गायरानावर राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. वनहक्क कायदा तिथे लागू होत नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची ठरली, पण कितीतरी फायली तशाच पडून राहिल्या. तिथे यादीत नाव लागतं आणि जागा नावावर नाही म्हणून घरकुल परत जातं. जागा विकत घ्यायला राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, पण तिच्या पैशांत रस्त्याकडेची जागा आपल्याला कोण देतो?

सामानावरही आपलाच हक्क पाहिजे. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात घेतले. ज्याच्या हातात बांबू त्याच्या हातात छप्पर. जमीन, जंगल आणि घर एकाच दोरीला कसे बांधलेले आहेत ते इथे दिसतं.

आमच्या मागण्या

१. वनजमीन आणि गायरानावरच्या राहत्या घराची जागा नवरा-बायको दोघांच्या नावाने करा. जागा नाही म्हणून एकही घरकुल परत जाता कामा नये.

२. घरकुलाचा नकाशा ग्रामसभेत ठेवा. या भागाच्या उन्हाला जमतील असे किमान तीन नमुने, सामानाच्या हिशोबासह, मराठीत लावा.

३. दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या घराला हप्ता अडवू नका. योजनेची व्याख्या वाचा.

४. पाच वस्त्यांमागे एक ठोकळ्यांचं यंत्र आणि आपल्या पोरांना गवंडीकामाचं शिक्षण द्या.

५. दरवर्षी मार्चमध्ये वस्तीवरच्या छपरांना चुना देण्याचं काम रोजगार हमीतून घ्या.

६. दाव्याची पडताळणी आधी, जुनं घर पाडणं नंतर.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वस्तीने एक कागद भरून आणावा: घरं किती, कुणाच्या नावावर जागा आहे, किती घरकुलं अर्धवट, किती परत गेली, आणि घराचं तोंड कुठल्या दिशेला. कागद बायांनी भरावा. दुपारी त्या घरात त्याच असतात, त्यांनाच खरं माहीत आहे.

जागा आमची, घर आमचं, नकाशाही आमचाच!